तिसऱ्या लाटेवरचा वाढदिवस

सारंगचाचा कुणालाही पोचवायला बंदरावर आले, की बोटीकडे पाठ करून उभे राहत. पडाव धक्क्यावरून सुटला आणि खोल पाण्यात नांगरलेल्या बोटीकडे निघाला, की सगळा धक्का रुमाल हलवायचा, बायका डोळ्यांना पदर लावायच्या, आणि चाचा मात्र गावाकडे तोंड करून विडी ओढत असायचे. नव्या माणसाला हा उर्मटपणा वाटे. मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "बाय, आपण बघत राह्यलो की जाणारापण मागं बघतो. मागं बघणाऱ्याचा पाय चुकतो."

पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची ही गोष्ट. रत्नागिरीत आम्ही भाड्यानं राहत होतो त्या घराच्या दगडी गडग्यापलीकडे चाचांचं घर होतं. चाळीस वर्षं त्यांनी बोटींवर काढली होती. खलाशी म्हणून चढले आणि खलाशांवर हुकूम चालवणारे सारंग होऊन उतरले. उतरले म्हणजे नोकरीतून. बोट काही त्यांच्या डोक्यातून उतरली नव्हती. घराच्या पुढच्या दाराला ते नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, म्हणत. विहिरीवर चाचीनं कळशी ओढायला घेतली की ओट्यावरून चाचांचा उजवा हात वर व्हायचा आणि "हबेस" असा हुकूम सुटायचा, कळशी खाली सोडताना "आरिया". ओढायचं काम मात्र चाचीच करायची. ती कधी बंदरावर जात नसे. "लग्न झाल्यापासून दर्याकडं डोळे लावून बसली मी," ती म्हणे, "आता घरात मानूस हाय, तर त्याचं तोंड बघते."

माझा धाकटा भाऊ बाळू त्या वैशाखात पाच वर्षांचा होणार होता आणि आमच्या घरात त्याच्यावरूनच संकट उभं होतं. आप्पा मुंबईला नोकरीत होते. त्यांना खोली मिळाली होती आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत आम्ही तिघांनी बिऱ्हाड घेऊन निघायचं होतं. पण आदल्या वर्षी याच बाळूनं खालीवर होणाऱ्या पडावातून बोटीत पाय टाकताना असा काही टाहो फोडला होता, हातपाय असे झाडले होते, की खलाशांनी हात टेकले आणि आम्ही ट्रंकांसकट परत धक्क्यावर आलो होतो. एस्टीनं कोल्हापूर आणि पुढे रेल्वे हा रस्ता होता, पण सगळ्या बिऱ्हाडासकट तो आईच्या आवाक्यातला नव्हता. शेवटी आप्पांचं पत्र आलं. बाळूला दिवाळीपर्यंत मुरुडला मावशीकडे ठेवा, तुम्ही दोघी या. ते पत्र आईनं दिवसातून चारदा वाचलं. पाचव्यांदा तिनं ते गडग्याजवळ उभं राहून चाचांना वाचून दाखवलं.

चाचांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पोराचा वाढदिवस कधी, एवढंच विचारलं. आई म्हणाली, वैशाख शुद्ध अष्टमी. आमच्या घरी तिथीच पाळत. चाचांना तारखेपेक्षा तिथी लवकर कळे, कारण ती त्यांना पाण्यावर दिसायची. "अष्टमी म्हंजे भांगाची, बारकी भरती," ते खुशीत म्हणाले, "पाणी गरीब. भांगावर जन्मलेला पोरगा दर्याला भितो होय? वैनी, वाढदिवस मला द्या. आणि पुनवेचं उधाण लागायच्या आधीची बोट धरा."

तोपर्यंत आमचे वाढदिवस म्हणजे पाटाभोवती रांगोळी, औक्षण, वाटीभर गोड आणि मोठ्यांच्या पाया पडणं. चाचांनी जाहीर केलं की यंदा घराची बोट होणार. त्यांनी कुठल्याशा मोठ्या बोटीवर कप्तानाच्या मुलाचा वाढदिवस पाहिला होता म्हणे, पताका, घंटा आणि काय काय. पुढचे आठ दिवस आमच्या घरात कुणाचा पाय जमिनीवर ठरला नाही. मी पोस्टकार्डं कापून तिकिटं लिहिली. चाचीनं रंगीत चिंध्यांच्या पताका शिवल्या. गच्च निळीत बुडवलेली दोन जुनी धोतरं अंगणात पसरून समुद्र झाला आणि त्यावर मासे दिसावेत म्हणून मी खडूनं पापलेटं काढली. भिंतीवर परातींच्या खिडक्या लागल्या, सुकाणूला सायकलचं चाक मिळालं. धुराड्याचं अडलं होतं. चाचांची नजर न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबावर गेली आणि आई नको नको म्हणत असताना तो ओटीवर येऊन बसला.

खरी करामत झोपाळ्याची होती. पडवीतल्या झोपाळ्याच्या कड्या चाचांनी अशा फिरवल्या की झोका मोठा झाला की तो उंच ओटीच्या कडेला जेमतेम टेकावा. ओटी ही बोट आणि झोपाळा हा पडाव. ज्याला बोटीत यायचं त्यानं झुलत्या पडावातूनच यायचं, मागच्या दारानं कुणी घुसला तर त्याला खाऊ नाही. नियमही त्यांनी घालून दिला. झोका म्हणजे लाट. एक लाट, दोन लाटा, तिसरीला पाय टाकायचा. "दर्या खाली नेतो तेव्हा गप बसायचं. वर उचलतो तेव्हा त्याच्या जिवावर चढायचं," असं ते प्रत्येकाला बजावत.

अष्टमीला चार वाजता अकरा पोरं तिकिटं घेऊन अंगणात हजर झाली. चाचांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता आणि गळ्यात त्यांची पितळी शिट्टी होती. त्यांनी बंब पेटवला. नारळाची सोडणं थोडी ओली होती, त्यामुळे धूर धुराड्यातून जायचा तो सगळा ओटीवर पसरला. पोरं खोकत होती, डोळे पुसत होती आणि खऱ्या बोटीत असंच असतं असं समजून खूश होत होती. मी तर आनंदानं नुसती इकडून तिकडे पळत होते. एकेक जण झोपाळ्यावरून वर येत होता आणि आल्यावर मुंबई दिसली म्हणून सांगत होता.

अकराही पोरं वर पोचली. खाली राहिला तो उत्सवमूर्ती. बाळू पडवीच्या खांबाला मिठी मारून उभा होता आणि त्याच्या ओठांची ती ओळखीची थरथर सुरू झाली होती. ओटीवर आई निरांजन लावून तबक घेऊन उभी होती. तिला एवढंच दिसत होतं, की हा इथं चढला नाही तर बंदरावरही चढणार नाही, आणि मग मुरुड. मी खाली येते, तिथंच ओवाळते, असं ती कशीबशी म्हणाली.

"वैनी, ज्योत तितंच राहू दे," चाचा म्हणाले. "तो येतो."

मग ते बाळूशेजारी जमिनीवर बसले. भीती वाटते का, असं त्यांनी विचारलं. बाळूनं मान हलवली.

"मलापण वाटायची. चाळीस वर्सं वाटली. ज्याला वाटत नाय तो बघून पाय टाकत नाय, आणि पडतो."

बाळूनं खांबावरचा एक हात सोडला. मग म्हणाला, "तिसरी चुकली तर?"

"तर पुन्हा एकापासून मोज. दर्या कुठं जातोय?"

बाळू झोपाळ्यावर बसला. पहिल्या खेपेला तिसरी लाट त्यानं चुकवली. दुसऱ्यांदाही चुकवली. वरची पोरं ओरडायला लागली तशी चाचांनी एक नजर टाकून त्यांना गप्प केलं. तिसऱ्या खेपेला "एक, दोन" हे त्यानं मोठ्यानं म्हटलं, तीन म्हणायला विसरला आणि सरळ ओटीवर चढून आईच्या पोटाला बिलगला. तबकातली सुपारी घरंगळत पार समुद्रात गेली. चाचांनी गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घातली. दोन्ही पाय टेकले की मगच वाजवायची, त्याआधी नाही, ही अट. पुढे आंब्याचा शिरा झाला, कोकमाचं सरबत झालं. चाचांच्या घरचं शिजवलेलं आमच्याकडे चालत नसे, याची मला आज लाज वाटते. पण त्या दिवशी चाचीनं गडग्यावरून पुढे केलेलं सांदण आईनं तिथंच, सगळ्यांदेखत खाल्लं.

चार दिवसांनी आम्ही निघालो. चाचा पडावात आले नाहीत, धक्क्यापर्यंतच आले. बोटीच्या कडेला पडाव दोन-तीन हात खालीवर होत होता. खलाशानं उचलायला हात पुढे केला तर बाळूनं तो बाजूला सारला आणि मोजायला लागला. आईनं डोळेच मिटून घेतले होते. तिसरी लाट आली आणि निसटली. मागून लोक घाई करत होते.

"आई, चुकली. पुन्हा एकापासून," बाळू म्हणाला. "दर्या कुठं जातोय?"

पुढच्या तिसरीला त्यानं पाय टाकला. बोटीवर दोन्ही पाय नीट टेकलेत ना हे खाली वाकून बघितलं, आणि मग गाल फुगवून शिट्टी वाजवली. दूर धक्क्यावर सगळे रुमाल आमच्याकडे हलत होते आणि त्यांत एक पांढऱ्या सदऱ्याची पाठ होती. ती पाठ वळली. चाचांनी उजवा हात हळूच वर उचलला, हबेस म्हणताना उचलत तसा. आयुष्यात पहिल्यांदा ते निघालेल्या बोटीकडे तोंड करून उभे होते. मी रडले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या मे महिन्यात सुटीत आम्ही परत आलो. बोटीतून पडावात उतरताना बाळूनं कुणाचा हात धरला नाही. धक्का जवळ आला तसा तो गर्दीत पांढरी पाठ शोधायला लागला. ती नव्हती. तरी नियमाप्रमाणे दोन्ही पाय धक्क्यावर टेकवून त्यानं शिट्टी वाजवली.

गर्दीतून एक हात हळूच वर आला. चाची होती. कधी बंदरावर न येणारी चाची पडाव बघत उभी होती. चाचा श्रावणात गेले होते, हे तिनं आईला नंतर सांगितलं. आधी ती बाळूजवळ आली आणि त्याच्या गळ्यातली शिट्टी तिनं पदरानं पुसली.

"सांगून गेले," ती म्हणाली. "मे लागला की बंदरावर जात जा. पोरगा शिट्टी वाजवील, तेव्हा हात वर करायला कुनीतरी पायजे."