खिळ्यावरचा कप

हौसाक्का चहासाठी उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. दाराबाहेरच्या भिंतीत एक खिळा होता, त्याला तिचा कप अडकवलेला असे. ती कप काढून पुढे धरी आणि मी वरून चहा ओतत असे.

ती माझी थोरली जाऊ. आमची पूर्वी मेंढरं होती. ती विकून सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, कोंबड्यांची शेड घातली. खाली अंथरलेलं भाताचं तूस दाताळ्याने हलवायचं काम अक्काकडे, गोठा माझ्याकडे. थंडीत शेडचे पडदे बंद असत. आत धूळ, पिसं आणि डोळ्यांत झोंबणारा वास. अक्काला खोकला लागला, तसे आप्पा म्हणाले, "टीबी हाय. हिचा कप भाईर ठेवा."

शिरूरच्या डॉक्टरांनी बेडका तपासला. टीबी नव्हता. त्यांनी आप्पांना समोर बसवून सांगितलं, "धुळीनं छाती बिघडलीय. पडदे उघडत जा, हिला शेडमधलं काम देऊ नका." आप्पा घरी येऊन म्हणाले, "कोंबडीला वारा लागतो. माणसाला काय व्हतंय?" कप खिळ्यावरच राहिला आणि दाताळं अक्काच्या हातात.

अक्का मला म्हणे, "बघ गं, माझी छाती घरात चालत न्हाई, पर शेडात चालती." आणि हसताना अशी ढास लागे की तिला भिंत धरावी लागे.

पुढे तिला शेडपर्यंत चालवेना. मग आप्पाच शेडमध्ये जाऊ लागले आणि दोन हिवाळ्यांत तेही खोकू लागले. एकदा मांडवगणचे पाहुणे ओसरीवर बसले होते. अक्काने खिळ्यावरचा कप काढला, विसळला आणि चहा भरून सगळ्यांदेखत आप्पांपुढे धरला.

"आप्पा, तुम्ही भाईर बसा. खोकला हाय न्हवं तुम्हाला?"

"मला टीबी न्हाई!"

"मला तरी कुठं व्हता?"

पाहुण्यांनी माना खाली घातल्या. आप्पांनी कप घेतला. मी दाराआडून बघत होते. कुणाला चहा पिताना बघून मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडचे सगळे पडदे वर गुंडाळलेले. अक्का म्हणाली, "आता कोंबड्यांना वारा लागत न्हाई वाटतं."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेली. आप्पा म्हणाले, "तिचा कप टाकून द्या." मी तो घासून पुन्हा खिळ्याला अडकवला.

आप्पा अजून आहेत, खोकत असतात. चारचौघांत मी कधी तोंड उघडलं नाही, पण सकाळचा चहा त्यांना मीच देते, त्याच कपात. ते म्हणतात, "दुसरा कप न्हाई व्हय घरात?"

"हाय की," मी खाली बघून म्हणते आणि त्यातच ओतते.