जात्यावरची नावं

प्रार्थना करायची ती रोज नेमाने, ठरल्या वेळी, असं लोणावळ्याच्या पाळकबाईंनी बाप्तिस्म्याच्या वेळी मला बजावलं होतं. खंडाळ्याच्या रेल्वेच्या चाळीत मला वेळ मिळायचा तो फक्त पहाटे दळताना, तोही सासूबाईंच्या समोर बसून. त्यांनी काही बाप्तिस्मा घेतला नव्हता. टाकवे गावाहून आमच्याकडे राहायला आल्या त्या आपले देव आणि आपलं जातं घेऊनच. मग मी जात्याचा खुंटा धरून एकेकाला प्रभूच्या हाती सोपवू लागले: घाटात रुळांवर राबणारे घरधनी, आमची चिमुकली तारा, शेजारची सखू, सासूबाई, झालंच तर गाभण शेळी. सासूबाई वैतागायच्या. "रोज तीच नावं! तुज्या देवाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई व्हय?" मला हसू यायचं, पण नेम मी मोडला नाही. खरं सांगायचं तर त्या नेमाचा मला थोडा तोराही होता.

एका हिवाळ्यात तापाने तारा गेली. पुन्हा जात्यावर बसले तेव्हा घरधन्यांसाठी मागणं मागितलं आणि पुढचं नाव आलं ताराचं. ते गाळून शेळीपर्यंत जाणं मला जमेना, आणि ते घेणंही जमेना. मग नेमच सुटला, मी नुसती दळत राहिले. रविवारी ख्रिस्ती देवळात जायचे, ओठ हलवायचे, पण आत काही उरलं नव्हतं. लेकरू गेलं, आता प्रभूही हातचा जाणार, याची मला फार भीती वाटायची.

असेच दिवस जात होते. एका पहाटे सासूबाईंनी जात्यात जोंधळे घातले, खुंटा धरला आणि फिरवलाच नाही. "तू बोलत न्हाईस तर जातं लय जड जातंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच डोक्यावर पदर घेतला.

"हिच्या देवा, माज्या लेकाला घाटात संबाळ."

पुढे तारा होती. मी खुंटा घट्ट आवळला. त्यांनी नाव गाळलं नाही. "आमची तारा आता तुज्यापाशी हाय. निजताना तिला पाठीवर थोपटावं लागतंय, तेवडं कर."

मग सखू झाली, "मी म्हातारी" झालं, शेळी झाली. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी माझं नाव घेतलं.

"ही सोताचं नाव कदी घेत न्हाई. हिच्याकडं बग."

मी हमसून हमसून रडले. "पुरे गं, पीठ भिजंल," म्हणत त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सासूबाई शेवटपर्यंत आपल्याच देवांना फुलं वाहत राहिल्या. त्या पहाटे त्यांना कोणी बोलतं केलं, याची चिकित्सा मी कधी केली नाही. ताराचं दुःख आजही आहे. पण नेम मी चालवते, हा माझा तोरा तेव्हाच गेला. माझ्या हातून नेम सुटला, तेव्हा प्रभूने समोरच्या हाताने चालवून घेतला. सगळ्यांना त्याच्या हाती देणारी मी, स्वतःला मात्र कधी दिलंच नव्हतं.

आता जात्यावर मी एकटीच असते. सगळी नावं होतात, तारा आणि सासूबाईही. शेवटी माझं नाव घेते, आणि पुढचे शब्द त्यांचेच असतात: "हिच्याकडं बग."