हायड्रोजन दोन कुठून देणार?

बाळांनो, तुम्ही फोनवर विचारता, "आजी, दिवसभर काय करतेस?" दमते, हे खरं उत्तर. नळाला पाणी येतं त्या दिवशी सकाळ ते भरण्यात जाते आणि दुपारभर गुडघे ठणकतात. यंदाच्या उन्हाळ्यात त्यात केमिस्ट्रीची भर पडली.

उस्मानपुऱ्यातल्या आपल्या घरात खाली भाडेकरू राहतात. त्यांच्या सुनेची लग्नाआधी बारावीची केमिस्ट्री राहिली होती. पुरवणी परीक्षेत ती सुटली तर नर्सिंगला जाता येईल, नाही सुटली तर पुस्तकं रद्दीत, असं घरात ठरलेलं. तिची शाळा मराठीतून झालेली आणि बारावीचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून भांडी आवरून ती दुपारी माझ्याकडे, निवृत्त मास्तरणीकडे, येई. येई तेव्हाच पेंगुळलेली असे.

ऑक्सिडेशन नंबरचे नियम तिला तोंडपाठ होते. ऑक्सिजन उणे दोन, हायड्रोजन अधिक एक, सगळ्यांची बेरीज शून्य. पाण्यापर्यंत सगळं बरोबर आलं. हायड्रोजन पेरॉक्साइड आला, दोन हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजनचा, आणि तिने दोन्ही हायड्रोजनवर अधिक दोन लिहिलं.

"अगं, हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉनच एक. तो दोन कुठून देणार?"

"ऑक्सिजनला दोन लागतेतच ना, आजी. मग द्यावेच लागतील कुठून तरी."

हे ती अगदी सहज म्हणाली. मग मी कागदावर अणू काढून त्यांच्यामध्ये रेघा ओढल्या. हा आकडा म्हणजे खरा भार नव्हे, आपण धरून चालायचं असतं, हे सांगितलं. दोघांनी मिळून धरलेले इलेक्ट्रॉन, ज्याची ओढ जास्त त्याच्या पदरात टाकायचे. पाण्यात ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना हायड्रोजन, म्हणून त्याला दोन मिळतात.

"इथे, पेरॉक्साइडमध्ये, एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनच. दोघांची ओढ सारखी. कोण कुणाचं घेणार?"

तिने रेघांवरून बोट फिरवलं. "म्हणजे दोन सासवा समोरासमोर!"

"मग एकेकीला किती?"

"एकच. उणे एक."

"कुणाच्या सासवा गं?" दारात तिची सासू. शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून परतलेली, जिना चढून धापा टाकत. "मावशी, खरं सांगा. हिला काय येतंय, का उगं काम चुकवायला वर येती? उद्या फॉर्म भरायचा शेवटचा दिस हाय. जमत नसंल तर नाय म्हणा."

मी पोटॅशियम डायक्रोमेट लिहून कागद सुनेपुढे सरकवला. "क्रोमियमचा काढ."

तिने पेन उचललं, पण कागदावर टेकवलं नाही. सासू माझ्याकडे बघायला लागली.

"आजी, ह्यात ऑक्सिजन ऑक्सिजनला जोडलाय का?"

"नाही."

"मग उणे दोनच. सात ऑक्सिजनचे उणे चौदा, दोन पोटॅशियमचे अधिक दोन. राहिले बारा, दोन क्रोमियममध्ये. सहा-सहा."

"बरोबर हाय?" सासूने मला विचारलं.

"बरोबर आहे. आणि पाठ करून नाही, समजून केलंय."

सासू तिथेच फरशीवर बसली, पदराने मान पुसली. "भर मग फॉर्म. परीक्षा होस्तोवर सांजच्या भाकरी कोन करनार? मीच, दुसरं कोन!"

आनंद करायचं त्राण आम्हा तिघींपैकी कुणातच नव्हतं. सुनेने पान उलटलं.