लिफ्टमधला वजनकाटा

वारज्यातल्या आमच्या नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पांढऱ्या टोपीतले एक आजोबा रोज भेटतात. हातात सुनेचा वजनकाटा असतो. वडिलोपार्जित शेत बिल्डरला देऊन त्यांना इथे अख्खा मजला मिळालाय, त्यामुळे त्यांना हटकणार कोण?

नवा फ्लॅट घेतल्याच्या तोऱ्यात मी लिफ्टमध्ये शिरलो, तर त्यांनी मलाच काट्यावर उभं केलं. लिफ्ट वर निघाली आणि आकडा टुणकन वाढला.

"निघताना माणूस जड व्हतो," ते मिशीत हसले.

मी इंजिनिअर, लगेच त्वरण समजावू लागलो. तेवढ्यात माझा मजला आला, लिफ्टचा वेग मंदावला आणि आकडा घसरला.

"पोचताना हलका. थांबला, की व्हता तेवढाच. आमचं बी तसंच झालं. उतरा आता, खाली दुसरे नवे मालक थांबल्यात."