सत्तावीसचं टोपडं

पिपरी मेघेच्या जुन्या वस्तीत पुंडलिकराव नासरे यांचं घर आहे. देवघराच्या बाजूच्या भिंतीत एक खिळा आहे आणि बारा वर्षं त्या खिळ्याला एक लाल कॅनव्हासची पिशवी टांगलेली आहे. हातभर लांब, मनगटाएवढी जाड, एका टोकाला शिवून बंद केलेली. तिला लाल पट्टा आहे आणि पट्ट्यावर पांढऱ्या रंगात सत्तावीसचा आकडा. घरी येणारा नवा माणूस विचारतो, हे काय आहे? पुंडलिकरावांनी उत्तर देण्याआधी त्यांच्या पत्नी, मनकर्णाबाई, स्वयंपाकघरातून सांगतात, "टोपडं हाय. यायच्या मोठ्या लेकीचं. लेक गेली, टोपडं राह्यलं."

ऐकणारा गोंधळतो. मग पुंडलिकराव सांगतात की लेक म्हणजे विमान.

लढाऊ विमानाच्या नाकावर एक लांब नळी असते. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि त्या हवेच्या दाबावरून विमानाचा वेग वैमानिकाला कळतो. नळीत धूळ गेली किंवा गांधीलमाशीनं मातीचं घर केलं, तर काटा चुकीचा वेग दाखवतो आणि माणूस मरू शकतो. म्हणून विमान उभं असलं की नळीवर कव्हर असतं. उड्डाणाआधी जमिनीवरचा तंत्रज्ञ ते काढतो, हात उंच करून कॉकपिटमधल्या वैमानिकाला दाखवतो, वैमानिक मान हलवतो, आणि मगच विमान जागचं हलतं. पुंडलिकरावांनी नोकरीभर हे काम केलं. बाकीही पुष्कळ केलं, चाकं, ब्रेक, तेलाच्या नळ्या, पत्र्याची डागडुजी. पण विचारलं की ते कव्हरचंच सांगतात.

ते ज्या स्क्वाड्रनमध्ये होते तिचं चिन्ह घार होतं. साठच्या दशकात उभी राहिलेली, एकाहत्तरच्या लढाईत उडालेली, पुढं मिग आल्यावर राजस्थानात सीमेजवळच्या तळावर हललेली. पुंडलिकराव ऐंशीच्या दशकात नागपूरला भरतीत निवडले गेले. घरी वडील वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून वर्ध्याच्या बाजारात विकत. पोरगा इमानाच्या, म्हणजे विमानाच्या, कामाला लागला म्हणून त्यांनी आळीत पेढे वाटले होते. बदल्या झाल्या, कधी दक्षिणेत, कधी आसामात, पण पुंडलिकराव फिरून घारींकडेच आले. शेवटची नऊ वर्षं त्यांच्याकडे एकच विमान होतं. शेपटीवरच्या लांब आकड्याचे शेवटचे दोन अंक दोन आणि सात, म्हणून सगळे त्याला सत्तावीस म्हणत. एकदा धावपट्टीवर उडालेल्या दगडानं डाव्या चाकाच्या खोबणीत पत्रा फाटला होता. तिथं पुंडलिकरावांनी स्वतः ठिगळ बसवलं. पत्रा ठोकलेल्या रिबिटांची ओळ एका जागी थोडी वाकडी गेली. अधिकाऱ्यांनी चालेल म्हणून सही केली. पुंडलिकरावांना मात्र ती वाकडी ओळ कायम बोटांनी चाचपून पाहायची सवय लागली.

त्या स्क्वाड्रनच्या तंत्रज्ञांची एक रीत होती. कोणत्या पुस्तकात नव्हती. ज्यानं सकाळी कव्हर काढलं, त्यानंच विमान परतल्यावर ते चढवायचं. ड्यूटी संपली असली तरी थांबायचं. आणि एका विमानाचं कव्हर दुसऱ्यावर कधीही चढवायचं नाही. कोणी नवख्यानं चुकून चढवलं, तर त्या दिवशी ते विमान आत हँगरमध्ये लोटलं जायचं. काहीतरी बिघाड काढला जायचा. तरुण वैमानिक या प्रकाराला हसत, पण तसल्या विमानात बसायचा हट्ट त्यांच्यापैकी कोणी धरला नाही. जे विमान परत आलं नाही, त्याचं कव्हर क्रू रूममध्ये खिळ्याला टांगलेलं राहायचं. पुंडलिकराव पहिल्यांदा गेले तेव्हा अशी दोन होती. नंतर आणखी लागली.

मग विमानं जुनी झाली आणि स्क्वाड्रन बंद करायचा हुकूम आला. हवाई दलात त्याला नंबर प्लेट होणं म्हणतात. म्हणजे स्क्वाड्रन मोडली असं म्हणायचं नाही. तिचा क्रमांक जपून ठेवला जातो, पुढं नवीन विमानं आली की त्यांना दिला जाईल, असं सांगतात. घारींचा क्रमांक अजून कोणाला दिलेला नाही.

शेवटच्या दिवशी मंडप पडला. अधिकारी, त्यांची कुटुंबं, खुर्च्यांना पांढरी कापडं. जमिनीवरची माणसं उन्हात रांगेत. पुंडलिकरावांनी सत्तावीसचं कव्हर काढलं, उंच धरलं, वैमानिकानं मान हलवली. ठरलं होतं की चार विमानं मंडपावरून जातील आणि खाली उतरतील. सकाळी तो बेत बदलला होता. विमानं इथं उतरणार नव्हती, थेट दुसऱ्या तळावरच्या डेपोत जाणार होती. मंडपातल्यांना ते माहीत होतं. रांगेतल्यांना सांगायचं राहून गेलं.

चार विमानं गेली. टाळ्या झाल्या. बाकीच्या तिघांनी थोडा वेळ पाहिलं, कोणाकडून तरी त्यांना कळलं, आणि कव्हरं स्टोअरमध्ये देऊन ते जेवायला गेले. पुंडलिकराव उभेच राहिले. शेवटी एका अधिकाऱ्यानं लांबून हाक मारली, "नासरे, कब तक खड़े रहोगे? खाना लग गया है, भाई."

"सर, सत्ताईस लैंड नहीं हुआ।"

अधिकारी हसला. वाईट हसला नाही, पण हसला. त्यानंतर क्रू रूम रिकामी करताना खिळ्यांवरची कव्हरं एका पोत्यात भरली गेली. सत्तावीसचं तेवढं पुंडलिकरावांनी पेटीत ठेवलं. काही महिन्यांत ते निवृत्त झाले, पिपरीला आले आणि वडिलांच्या तुकड्यात पालक, मेथी, फुलकोबी लावू लागले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मधुकरराव त्यांच्याकडे आले. मधुकररावांनी वस्तीबाहेर प्लॉटांचा ले-आउट पाडला होता आणि त्यातल्या मोकळ्या जागेवर बाग केली होती. बागेत ठेवायला हवाई दलाचं एक निवृत्त विमान त्यांनी दिल्लीपर्यंत खटपट करून मंजूर करून घेतलं होतं.

"काका, तुमी कोणत्या इमानावर होते?" चहा पिता पिता त्यांनी विचारलं.

पुंडलिकरावांना कोणी असं विचारलं की ते थांबत नाहीत. त्यांनी घार सांगितली, सत्तावीस सांगितलं, शेपटीवरचा पूर्ण आकडा सांगितला, घारीची चोच कोणत्या बाजूला वळलेली होती तेही सांगितलं. मधुकररावांनी मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

विमान ट्रेलरवरून आलं तेव्हा पुंडलिकराव आष्टीला नात्यातल्या लग्नाला गेले होते. डेपोच्या माणसांनी ते जोडून चौथऱ्यावर बसवलं आणि ती परत गेली. पुंडलिकराव परतले त्या दिवशी भाजीचं ओझं घेऊन मोपेडवर बाजाराला निघाले आणि बागेजवळ त्यांची मोपेड थांबली. नाकावर घार होती. शेपटीवर पूर्ण आकडा होता, शेवटी दोन आणि सात.

भाजी तशीच घेऊन ते घरी आले.

"काय झालं? बाजार बंद हाय का?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"सत्तावीस आलं."

"कुठं?"

"मधुकरच्या बागेत."

मनकर्णाबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, खिळ्याकडे पाहिलं. "मंग आता टोपडं घालून या एकदाचं. माह्या भिंतीले मोकळं करा." थोड्या वेळानं म्हणाल्या, "धुऊन देऊ का? लय कळकट झालं."

"नाई. राहू दे."

मधुकररावांना कळल्यावर ते खूश झाले. उद्घाटनाच्या पत्रिकेवर ओळ छापली गेली: याच विमानाची सेवा केलेले पुंडलिकराव नासरे यांच्या हस्ते कव्हर चढवण्याचा विधी. विधी हा शब्द पुंडलिकरावांना खटकला, पण तो त्यांनी चालवून घेतला. रीत पुरी होणार होती. उतरलेल्या विमानाला ते टोपडं घालणार होते, आणि मग सत्तावीस घरी आलं, असं त्यांना म्हणता येणार होतं. बारा वर्षं अडलेली गोष्ट तेवढीच होती.

आदल्या दुपारी ते बागेत गेले. शिडी कुठं लावायची ते पाहायचं होतं. नत्थू पेंटर चौथऱ्यावर नावं रंगवत होता. पुंडलिकराव आधी वाकले आणि डाव्या चाकाच्या खोबणीत हात घातला. बोटं फिरवली. पत्रा सरळ होता. त्यांनी पुन्हा फिरवली. मग मोबाइलचा उजेड पाडला. ठिगळ नव्हतं, रिबिटांची वाकडी ओळ नव्हती. आत वरच्या कडेला, जिथं रंगाचा ब्रश पोचला नव्हता, जुना आकडा होता. तो दुसराच होता, घारींपैकी कोणाचाच नव्हता.

"नत्थू, शेपटीवर काय होतं पह्यले?"

"पह्यले? दुसरा नंबर होता काका. मधुकरभाऊनं मोबाइलमंधून दाखवला, म्या लिहला. घार बी म्याच काढली. जमली ना?"

"जमली."

"तुमी काऊन असे पाहून राह्यले? चोच उलटी झाली का? मी तं जे सांगतीन ते लिहतो. त्या दिवशी एका भाऊच्या बॅनरवर त्याले डॉक्टर केलं. थो दहावीत बसलाच नव्हता."

पुंडलिकराव तिथून सरळ मधुकररावांच्या ऑफिसात गेले. मधुकरराव हारांची ऑर्डर देत होते.

"ते सत्तावीस नाई," पुंडलिकराव म्हणाले.

"बसा ना काका. पाणी घ्या."

"नंबर काऊन बदलला?"

"तुमच्यासाठीच तं बदलला." मधुकरराव खरंच दुखावल्यासारखे दिसले. "मले वाटलं, आपल्या गावचा माणूस, त्याचं इमान आपल्या गावात. चांगलं वाटन तुमाले. आता हे कुठं उडून राह्यलं? बागेत उभं हाय. कोणाले काय फरक पडते?"

"मले पडते."

"बरं, पडते. पण पत्रिका वाटून झाल्या. पाहुणे येऊन राह्यले. उद्याचा दिवस निभवा. मंग नंबर पुसून टाकू, तुमी म्हणसान तो लिहू."

"आणि ज्याचं हे होतं, त्याचं काय? यालेबी कोणीतरी टोपडं घालत असन."

मधुकररावांना हे समजलं नाही. त्यांनी हारवाल्याचा फोन उचलला.

घरी येऊन पुंडलिकरावांनी कुलवंतला फोन लावला. कुलवंत स्क्वाड्रनमधला जुना सोबती, आता लुधियानात. डेपोत त्याचा मेहुणा होता. सत्तावीस आता कुठं आहे, एवढंच त्यांनी विचारलं.

"सत्ताईस? वो तो उसी साल काट दिया था, नासरे. कबाड़ में गया. तुझे किसी ने बताया नहीं? हम तो समझे तुझे पता है।"

मनकर्णाबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी ताट वाढलं. जेवून झाल्यावर म्हणाल्या, "उद्या जाऊ नका. ताप आला म्हणून सांगून देतो मी."

"जातो. नाई गेलो तं ते लोकच टोपडं घालतीन, अन् सांगतीन सत्तावीसले घातलं म्हणून."

उद्घाटनाला गर्दी झाली. शाळेची मुलं, बँड, पुढच्या रांगेत सोफे. पुंडलिकरावांनी जुना कोट घातला होता, पदकं लावली होती. कव्हर त्यांनी आणलं नव्हतं. मधुकररावांच्या ते लगेच लक्षात आलं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "विसरले का? असू द्या, आमच्याजोळ हाय." शिंप्याकडून त्यांनी एक शिवून घेतलं होतं. लाल साटीन, कडेला सोनेरी झालर.

निवेदन करणाऱ्या मुलीनं, वर्षालीनं, पुंडलिकरावांचं नाव पुकारलं. माइक त्यांच्या हातात आला. ते म्हणाले, "हे सत्तावीस नाई. सत्तावीस कापलं. हे दुसऱ्या स्क्वाड्रनचं इमान हाय, त्याचा नंबर आत लिहला हाय. त्याले मी कव्हर घालू शकत नाई. आमच्यात तसं चालत नाई."

पुढच्या रांगेत कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं की काय म्हणाले. मुलं टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं भाषण संपलं. पुंडलिकरावांना अजून बोलायचं होतं. क्रू रूममध्ये ज्यांची कव्हरं टांगलेली राहिली त्या वैमानिकांची नावं त्यांना पाठ होती. ती त्यांनी घ्यायला सुरुवात केली, पहिलं नाव घेतलं. वर्षालीनं माइक अलगद काढून घेतला. "काका आज खूप भावुक झाले आहेत. आपण सगळे त्यांच्या भावना समजू शकतो." बँड सुरू झाला. पाहुण्यांना शिडीवर चढवलं गेलं आणि त्यांनी सोनेरी झालरीचं कव्हर नळीवर सरकवलं. फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो होता. खाली लिहिलं होतं की आपलं लाडकं विमान पुन्हा पाहून माजी वायुसैनिकाला अश्रू अनावर झाले. मनकर्णाबाईंनी ते वाचून दाखवलं आणि पेपर घडी घालून भाजीच्या टोपलीखाली अंथरला.

नंबर पुसायला नंतर कोणी आलं नाही. पुंडलिकराव दोनदा ऑफिसात गेले. पहिल्यांदा मधुकरराव मीटिंगमध्ये होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "काका, आता फोटो निंगून गेले ना सगळीकडं. आता बदलवला तं लोक मलेच खोटं म्हणतीन." पुंडलिकराव नत्थूकडेही गेले. नत्थूनं मान खाजवली. "मधुकरभाऊनं सांगतल्याबिगर कसा लिहू?"

साटीनचं कव्हर उन्हानं महिनाभरात फिकं झालं आणि एका वादळी संध्याकाळी उडून गेलं. नळी उघडी आहे. तिच्या तोंडाशी गांधीलमाश्या येतात-जातात. पुंडलिकरावांना ते रस्त्यावरूनही दिसतं, कारण त्यांची नजर आधी तिकडंच जाते. शिडी त्यांच्याकडे आहे. कव्हर घरी खिळ्याला आहे. ते चढवत नाहीत.

बाजाराला जायचा दुसरा रस्ता नाही. रोज सकाळी सांभाराच्या जुड्या मागं बांधून ते बागेवरून जातात. फिरायला आलेली माणसं हात करतात, कोणी नातवाला दाखवतं, "हे काका. हे इमान या काकायचंच होतं."

सुरुवातीला ते मोपेड थांबवून सगळं सांगत. ठिगळ, आतला आकडा, कुलवंतचा फोन. लोक ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणत. आता ते थांबत नाहीत. वेग कमी करतात, एवढंच सांगतात, "नंबर तेवढा माहा हाय," आणि पुढं जातात.