मिरच्यांनी खाल्लेली गाडी

सासऱ्यांची गाडी मी खाल्ली, असं माझी बायको पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. मीही हसतो, पण मला ते सगळंच हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्यात तथ्य आहे.

गाडी म्हणजे चार माणसांची छोटी इंग्लिश मोटार. सासरे मुन्सफ झाले तेव्हा त्यांनी ती विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. रंग शेवाळी, मडगार्ड फुगीर, आणि दार लावलं की जाडजूड पुस्तक मिटल्यासारखा आवाज. बायको अठरा वर्षांची असताना वडिलांनी तिला याच गाडीवर, विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यांवर, चालवायला शिकवलं. पुढं सासऱ्यांच्या बदल्या झाल्या, मग सुटे भाग मिळेनासे झाले, मग त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नल्लकुंट्याच्या घराच्या अंगणात, गेटाच्या आत, गाडी एकदा उभी राहिली ती राहिलीच.

सासूबाईंना मात्र त्या बंद गाडीचा उपयोग सापडला. उन्हाळ्यात काचा लावल्या की ती भट्टीसारखी तापायची. गच्चीवर कावळे आणि खारी काही ठेवत नसत. गाडीत मात्र काहीही बिनधास्त वाळायचं. सांडगे, कुरडया आणि मुख्य म्हणजे ताकातल्या मिरच्या. मिरच्यांना चीर द्यायची, खारट ताकात रात्रभर भिजवायच्या, सकाळी टोपलीत निथळत ठेवून उन्हात घालायच्या, संध्याकाळी परत ताकात. भांड्यातलं ताक संपेपर्यंत हे चालायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी जेवताना म्हणालो होतो की असल्या मिरच्या मी जन्मात खाल्ल्या नाहीत. सासूबाईंनी ते मनावर घेतलं. त्यानंतर त्या असेपर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात जावयाच्या नावाच्या दोन टोपल्या गाडीच्या मागच्या बाजूला, सीट पुढं ओढून, खाली ठेवलेल्या असत.

त्या गेल्यावर आम्ही सासऱ्यांकडेच राहायला गेलो. बायको त्यांची एकुलती एक. मी घरजावई झालो, आणि नातेवाइकांनी त्यावरून जे बोलायचं ते बोलून घेतलं.

तेव्हा नुकतीच बाजारपेठ खुली झाली होती. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे दिवस संपले होते. नामपल्लीच्या आमच्या सरकारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत हप्ते, मायलेज आणि एअरकंडिशनर याशिवाय दुसरा विषय नसायचा. शहरातल्या जुन्या गाड्या एकेक करून भिंतीकडे सरकत होत्या. मोठ्या देवड्यांच्या, म्हणजे जुन्या नवाबी वाड्यांच्या, आवारात लांब नाकाच्या मोटारींवर शेळ्या झोपलेल्या दिसायच्या. कुठं टपावर गोवऱ्या, कुठं खिडकीतून बाहेर आलेली बोगनवेल. मला त्याचं काही वाटत नसे, हे कबूल करतो. मी एक नवी गाडी बुक करून टाकली आणि घरी येऊन सांगितलं.

"ठेवणार कुठं?" बायकोनं विचारलं.

गेटाच्या आत जागा एकाच गाडीची होती. मी जुन्या गाडीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"बुकिंग रद्द करा," ती म्हणाली.

सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "रद्द कशाला? थंड हवेची गाडी आहे. सिकंदराबादला तुझ्या मामाकडे जाताना मला एकदा तरी घाम न येता पोचायचंय."

"बाबा, ती गाडी तुमची आहे."

"म्हणूनच सांगतो. तिला ढकलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तुझ्या आईनं तिच्यात निदान मिरच्या तरी वाळवल्या."

"मी ती चालती करीन."

"अगं, तू कॉलेजात केमिस्ट्री शिकवतेस. गाडी म्हणजे परीक्षानळी नव्हे."

बराच वेळ आमची वादावादी चालली. शेवटी सासऱ्यांनी पेपराची घडी घातली. जन्मभर कोर्टाची भाषा बोललेला माणूस, आणि त्यांच्या तरुणपणचं कोर्ट उर्दूतलं.

"फैसला ऐका. मुद्दत दिवाळीपर्यंत, कारण जावईबापूंची गाडी तेव्हा येणार. तोवर जुनीनं परिवहन कचेरीत फिटनेस पास केलं, तर आतली जागा हिची आणि नवी गाडी रस्त्यावर. नाही केलं, तर भंगारवाला. अपील नाही."

बायको त्याच दुपारी साडीचा पदर खोचून कामाला लागली. मागची सीट काढल्यावर तिनं मला हाक मारली.

"इकडं या. हे बघा."

तळाच्या पत्र्याला दोन भोकं पडली होती. दोन्ही गोल, दोन्ही एका मापाची, आणि त्यांतून अंगणातलं गवत वर आलं होतं. बाकीचा पत्रा बरा होता.

"गंज कधी असा कंपासनं काढल्यासारखा गोल येतो का?" तिनं विचारलं.

मला मिरच्या आठवल्या. टोपल्या तिथंच असायच्या.

"मीठ आणि ताक," ती म्हणाली. "आणि वरून उन्हाळा. मुलींना गंजाचा प्रयोग मी याहून वेगळा काय शिकवते? फक्त मी खिळा घेते, आईनं मोटार घेतली." मग म्हणाली, "आणि करायची कुणासाठी?"

ती हसत होती. मी गवताकडे बघत राहिलो. सासूबाई दर उन्हाळ्यात डबा भरून माझ्या हातात द्यायच्या. मी नवी गाडी बुक केली होती, आणि ज्या गाडीची जागा मी मागत होतो ती माझ्याच जिभेपायी अशी झाली होती. दुसऱ्या दिवसापासून कचेरीतून आलो की मी तिच्या हाताखाली राबू लागलो. 

तिची पद्धत तिची होती. कुठलाही नट जोरानं फिरवायचा नाही. आधी तेल सोडायचं, एक दिवस सोडून द्यायचा, मग पाना लावायचा. निघालेला प्रत्येक भाग ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं जुन्या साडीवर मांडून ठेवायचा. गंजलेल्या लहान भागांसाठी तिनं अंगणात एक प्लास्टिकचा पिंप आणला, त्यात साखर कारखान्याची मळी पाण्यात कालवली आणि बिजागऱ्या, कड्या, ब्रॅकेट सगळं त्यात बुडवून टाकलं. मळी गंज तेवढा सोडवते, लोखंड खात नाही, असं ती म्हणाली. मळीचा वास मात्र गल्लीभर गेला, आणि आमच्या राज्यात ते दारूबंदीचे दिवस होते.

एका संध्याकाळी शेजारचे निवृत्त इंजिनिअर भिंतीवरून वाकले. सासरे खुर्ची टाकून बसले होते.

"क्या साब," इंजिनिअर हळू आवाजात म्हणाले, "कब तक तैयार होता?"

"दिवाळीपर्यंत मुद्दत दिलीय," सासरे म्हणाले. त्यांना गाडीचंच विचारलंय असं वाटलं.

"हमारे कू बी याद रखो. एकच बाटली बस."

बायकोनं पिंपात हात घालून दाराची बिजागरी वर काढली आणि त्यांच्यापुढं धरली. काळ्या पाण्यातून निघालेली, धुतल्यावर करडी स्वच्छ. इंजिनिअरसाहेबांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी बघितली. त्यांची निराशा झाली होती, तरी बिजागरी लगेच परत देववली नाही.

इंजिनाचं काम तिनं एका मिस्त्रीला दिलं. त्याचं मत ठाम होतं. तेव्हा सगळीकडे चाललं होतं तेच: जुनं इंजिन काढायचं आणि नवं डिझेलचं बसवायचं.

"मॅडम, ये मशीन खतम है. डीजल की डाल देतूं, मक्खन सरीकी चलती."

"मशीन यहीच रहती," बायको म्हणाली.

"चलती नै ना!"

"चलती. जाम है बस."

तिनं प्लग काढून आत रॉकेल आणि तेल सोडून ठेवलं होतं. मिस्त्री रोज येऊन हँडल लावून बघायचा, मान हलवायचा, चहा प्यायचा आणि डिझेलचं इंजिन किती चांगलं ते सांगायचा. एके दिवशी हँडल त्याच्या हातात फिरलं. तो स्वतःच दचकला. गाडी सुरू झाली तेव्हा तिनं अंगणभर निळा धूर केला, खोकली, आणि मग शिवणयंत्रासारखी एकसुरात चालू लागली. मिस्त्री म्हणाला, "हौ, चली. पन सबकू बोलते नक्को फिरो की मैं ना बोला था." तळाचा पत्राही त्यानंच कापून नवा बसवला. जुना पत्रा तिनं फेकू दिला नाही. तो मी माळ्यावर ठेवला.

रविवारी आम्ही सुट्या भागांसाठी हिंडायचो. या गाडीला वळण दाखवायला दिवे नव्हते. दारामागच्या खांबात एक छोटा पिवळा हात लपलेला असे. बटण दाबलं की तो बाहेर यायचा आणि त्यात दिवा लागायचा. दोन्ही बाजूंचे हात तुटले होते. ते शोधत आम्ही किती आवारं पालथी घातली. मी भाग बघायचो, ती गाड्या बघायची. एका देवडीत गवतात रुतलेली भलीमोठी मोटार होती. टायर नव्हते, टपाला पिंपळ फुटला होता. तिनं पदरानं बॉनेटचा एक कोपरा पुसला. खाली अजून काळा रंग होता, इतका खोल की त्यात तिचा चेहरा दिसला.

"कुणीतरी हाताला धरून इथपर्यंत आणली असेल," ती म्हणाली, "आणि मग उद्या बघू म्हणून गेला असेल."

मी तोवर भंगारच बघत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्या मोटारीची रेषा माझ्या डोळ्यांना दिसली: नाकापासून निघून मडगार्डावरून वळून मागं उतरणारी, कुठंही न तुटलेली. ती रेषा बघायला मी इतकी वर्षं लावली. ते पिवळे हात मात्र मिळाले नाहीत.

"दोन भोकं पाडू, लुकलुकते दिवे लावू," मी सुचवलं.

"या गाडीला आणखी भोकं नकोत," ती म्हणाली. 

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात आम्ही फिटनेसला गेलो. गाडी सासऱ्यांच्या नावावर असल्यानं सहीसाठी ते मागच्या सीटवर होते. दोन्ही बाजूंची हँडलं धरून बसले होते, आणि दर चौकात विचारत होते, "अजून चालतेय?"

कचेरीच्या मैदानावर शिकाऊ लायसन्ससाठी आलेल्या पोरांची रांग होती. इन्स्पेक्टर तरुण होता. त्यानं हॉर्न वाजवला, ब्रेक दाबून बघितला, खाली वाकून तळ ठोकला. नव्या पत्र्यावर त्यानं दोनदा ठोकलं. तळ पास झाला. मग तो गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"इंडिकेटर एदी?" त्यानं तेलुगूत विचारलं. इंडिकेटर कुठं आहे?

"चेय्यि उंदि कदा," बायको म्हणाली. हात आहे ना.

तिनं खिडकीतून उजवा हात बाहेर काढून दाखवला. रांगेतली पोरं हसली. इन्स्पेक्टर हसला नाही. त्यानं पेन उघडलं, परत बंद केलं आणि सासऱ्यांकडे वळला. म्हातारे काही बोलतील, अशी मला भीती होती. नापास व्हावी, असं गेले चार महिने बोलून दाखवणारा माणूस तोच होता.

"माझ्याकडे काय बघता?" सासरे म्हणाले. "चालवणारी ती आहे. चालवून घ्या."

सासरे आणि मी उतरलो. इन्स्पेक्टर तिच्या शेजारी बसला. गाडी निघाली. उजवीकडे वळताना तिचा हात खांद्यापासून सरळ बाहेर आला, तळवा पुढं, बोटं जुळलेली. डावीकडे वळताना त्याच हाताचा मोठा, सावकाश गोल. थांबताना कोपरातून उभा केलेला हात. कुठंही घाई नव्हती, आणि कुठंही शंका राहत नव्हती. मागून येणाऱ्या आंधळ्यालाही कळलं असतं की ही बाई आता कुठं जाणार आहे. माझ्या शेजारी सासऱ्यांचाही उजवा हात अंगाजवळून थोडा उचलला जात होता, खाली येत होता.

गाडी थांबली. इन्स्पेक्टर खाली उतरला आणि रांगेकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "चूडंडि, बघा! तोंडी परीक्षेत हाताच्या खुणा विचारतो, त्या ह्या. पुस्तकात बघून येता आणि सगळे चुकता." मग वाकून तिला म्हणाला, "अम्मा, यांच्यासाठी अजून एक फेरी माराल?"

तिनं मारली. या वेळी पोरं हसली नाहीत. दोघंतिघं हवेत हात काढून बघत होती. फेरी संपेपर्यंत इन्स्पेक्टरनं फिटनेसचा कागद हातातच धरून सही करून टाकली होती.

परतताना मी पुढं बसलो. बर्कतपुऱ्याचा चौक दिसू लागला.

"मुद्दतीच्या आत," मागून सासरे म्हणाले. "जागा तुझी." आणि थोड्या वेळानं, "जावईबापू, रस्त्यावर गाडी ठेवाल तेव्हा काचा नीट लावा. मिरच्या चांगल्या वाळतात."

चौकात उजवीकडे वळायचं होतं. मागं एक नवी कोरी गाडी होती. चालवणाऱ्याला घाई होती आणि तो हॉर्न देत होता. बायकोनं हात बाहेर काढला, पूर्ण लांब केला, आणि आपल्या वेळेनं वळली.