चालत्या यंत्राचा शेवट

आज खंडेनवमी. पूजेसाठी शिलाई मशीन, विळी आणि माझा संगणक पुसून ओळीने मांडले. संगणक सुरू केला, तर पडद्यावर पुन्हा तीच निळी पाटी: या जुन्या प्रणालीला यापुढे सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत.

नातवंडांनो, मला संताप आला. याच यंत्रावर दर रविवारी मला तुमचे चेहरे दिसतात. त्याचं काहीही बिघडलेलं नाही. तुमच्या बाबांना फोन केला.

"आई, नवी प्रणाली त्यावर चालणार नाही. त्याचं आयुष्य संपलं."

"कोणी ठरवलं?"

"कंपनीनं."

"कंपनी बघायला आली होती का?"

"आई, चिडू नकोस. त्यातून चोर शिरतील. नवा घे."

म्हणजे कुलूप विकणाऱ्यानेच सांगायचं, की आता या कुलपाकडे आम्ही बघणार नाही, तुम्ही घर बदला!

सासूबाईंच्या शिलाई मशीनला मी अजून तेल घालते. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला, पण जाताना त्याने कुणाची सुई अडवली नाही. हा कसला धंदा, की वस्तू धडधाकट आणि तिला निरोप द्यायचा?

नवा संगणक घेईन, कारण तुमचा रविवार मी सोडणार नाही. पण हा भंगारात जाणार नाही. पुढच्या खंडेनवमीलाही तो याच ओळीत, शिलाई मशीनशेजारी बसेल. तेव्हा ती निळी पाटी पुन्हा आलीच, तर कुंकवाचं बोट मी नेमकं तिच्यावरच टेकवीन.